झुकते माप

'अनुशेष' हा शब्द महाराष्ट्राच्या इतर भागांत सरकारी अहवालांतून भेटतो; आमच्या यवतमाळ जिल्ह्यात तो चहाच्या टपरीवर भेटतो. ज्याने कधी अहवाल पाहिला नाही असा म्हातारा शेतकरीही १९५३ च्या नागपूर कराराचे नाव घेतो, विदर्भाला न्याय्य वाटा देण्याचे वचन तेव्हा दिले गेले होते असे सांगतो. १९८३ साली अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि पुढच्याच वर्षी तिने प्रदेशाप्रदेशांतील तफावत रुपयांत मोजून दाखविली. सिंचन, रस्ते, वीज, शिक्षण अशा एकेका खात्यात विदर्भ किती मागे राहिला याचा तो हिशेब होता. त्यानंतर चाळीस वर्षे उलटली. तरी ज्या गावात कालवा आला नाही, त्या गावाला हा हिशेब तोंडपाठ आहे.

ही तक्रार खरी आहे. २००८ सालच्या केंद्र सरकारच्या कर्जमाफीचेच उदाहरण घ्यावे. दोन हेक्टरांपर्यंत, म्हणजे पाच एकरांपर्यंत जमीन असणाऱ्याचे थकलेले कर्ज पूर्ण माफ झाले. त्याहून अधिक जमीन असणाऱ्याला तीन हिस्से रक्कम भरल्यास एक हिस्सा सूट, एवढेच मिळाले. जमिनीची मर्यादा सर्वांना सारखी होती. परंतु कालव्याच्या पाण्यावरचे चार एकर आणि आमच्याकडचे कोरडवाहू आठ एकर यांत श्रीमंत कोण, हे नियम करणाऱ्याने विचारले नाही. आठ एकरवाला कागदावर मोठा शेतकरी ठरला आणि घरी उपाशी राहिला.

हे सांगताना आमचा शेतकरी पश्चिम महाराष्ट्रातील बागाईतदाराला शिव्या देत नाही, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे. तो म्हणतो, तोही कष्ट करतो, त्याने आमचे काही चोरले नाही. फक्त त्याच्या जन्माआधीच त्याच्या बांधापर्यंत पाणी पोहोचले होते. सामाजिक अनुकूलता म्हणजे काय याची याहून चांगली व्याख्या आम्हाला कोणत्याही ग्रंथात सापडली नाही. व्यक्तीचा दोष नाही, व्यक्तीचे कष्ट खोटे नाहीत, तरी माप झुकलेले आहे. म्हणजे ही कल्पना परकी नाही आणि समजण्यास अवघडही नाही. आपल्याहून वरच्याच्या पारड्यात पडलेले झुकते माप अडाणी माणसालाही नेमके दिसते. अवघड होते ते हीच नजर खाली वळवण्याची वेळ आली की.

२०१७ सालच्या पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या ऑक्टोबरच्या उन्हात आमच्या जिल्ह्यात जे घडले ते वाचक विसरले नसतील. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याएवढी वाढली होती, किडीचा जोर होता, आणि कीटकनाशकांची मिश्रणे करून फवारणी चालली होती. फवारा पायांवर पडण्याऐवजी तोंडावर येत होता. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात विषबाधा झालेली शेकडो माणसे दाखल झाली. जिल्ह्यात वीसहून अधिक जीव गेले. चौकशी बसली, मदत जाहीर झाली. मुखपट्टी आणि हातमोजे घातले नव्हते, असेही सांगितले गेले. पाठीवर पंप घेऊन, ऑक्टोबरच्या उन्हात, ओल्या चिखलातून दिवसभर चालणाऱ्याने मुखपट्टी घालावी असे म्हणणारा बहुधा सावलीत बसलेला असतो.

मृतांत स्वतःच्या शेतात फवारणारे लहान शेतकरी होते. त्यांच्यासोबत रोजाने दुसऱ्याच्या शेतात फवारायला गेलेले मजूरही होते, आणि त्यांची संख्या लहान नव्हती. वर्तमानपत्रांनी मथळ्यांत बहुतेक वेळा सर्वांना मिळून 'शेतकरी' म्हटले. यात दुष्टावा नव्हता. पण 'शेतकरी' या शब्दाला आज महाराष्ट्रात एक वजन आहे. त्याच्यासाठी मोर्चे निघतात, विधानसभेत प्रश्न विचारले जातात. 'मजूर' या शब्दाला ते वजन नाही. ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याच्या दुःखाला सरकारी रकाना आहे. शेतकरी आत्महत्येच्या मदतीसाठी २००६ पासून जे निकष लागू झाले, त्यांत प्रकरण 'पात्र' ठरण्यासाठी जमीन आणि कर्ज यांचा कागद लागतो. ज्याने मक्त्याने जमीन केली, कर्ज नातेवाइकाकडून घेतले, त्याची विधवा कचेरीच्या दारातून परत येते. ज्याला जमीनच नाही त्याची विधवा त्या दाराशी जातही नाही. देशाच्या गुन्हे नोंदणी विभागाने २०१४ च्या अहवालापासून शेतकरी आणि शेतमजूर यांच्या आत्महत्या वेगळ्या मोजण्यास आरंभ केला. २०२२ साली देशात ५,२०७ शेतकऱ्यांनी आणि ६,०८३ शेतमजुरांनी आत्महत्या केल्या, असे त्यात नोंदले आहे. मोठा आकडा कोणाचा आहे, हे आमच्या सभासंमेलनांत आम्ही क्वचितच ऐकले.

आता हीच गोष्ट एखाद्या आठ एकरवाल्या शेतकऱ्यापुढे काढून पाहावी. आम्ही काढली आहे. उत्तर आले ते असे: "फादर, तीन सालांपासून पऱ्हाटीनं पैसा दाखवला नाही, पोरीचं लगन राहिलं, अन् तुम्ही आमालेच मोठे म्हनता?" या उत्तरात राग आहे, पण खोटे काहीच नाही. याच जिल्ह्यातील चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपविले, तेव्हा ते जमीनवाले होते. सातबारा मरणापासून वाचवत नाही. मग अशा माणसाला 'तू अनुकूलतेत आहेस' असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

आमच्या मते अडचण येथेच आहे, आणि ती मनाच्या कोतेपणाची नाही. मनुष्य आपले जीवन आपल्या ओझ्याने मोजतो. वाऱ्याच्या दिशेने चालणाऱ्याला वारा जाणवत नाही. त्याला फक्त आपले दुखणारे पाय जाणवतात. अनुकूलता म्हणजे बहुतेक वेळा हाती आलेली वस्तू नसते. ती न घडलेली घटना असते. चोरी झाल्यावर पोलीस आपल्या दारी आले नाहीत, याची नोंद कोणी ठेवतो काय? आमच्या भागातील पारधी बेड्यावरचा माणूस ती ठेवतो, कारण त्याच्या दारी ते येतात. ब्रिटिशांनी १८७१ साली काही जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविणारा कायदा केला. स्वतंत्र भारताने १९५२ साली तो रद्द केला. कायदा गेला, संशय राहिला. शहरात खोली भाड्याने घेताना आडनाव सांगितल्यावर घरमालकाचा चेहरा बदलला नाही, ही घटना कोणाच्या आठवणीत राहत नाही. ज्याच्या आडनावाने चेहरा बदलतो, त्याला मात्र प्रत्येक चेहरा आठवतो. दोघेही प्रामाणिक आहेत. एकजण म्हणतो, आता जातपात कोण पाळतो? दुसरा म्हणतो, पदोपदी पाळतात. दोघांपुढे एकच गाव आहे.

आम्हा धर्मगुरूंचेच पाहा. गुरुविद्यालयात आम्ही अनेक वर्षे शिकलो. त्या काळात उद्याच्या जेवणाची चिंता आम्हाला कधी शिवली नाही. तहसील कचेरीत पांढऱ्या झग्याला खुर्ची मिळते. आमच्या बरोबर आलेला कोलाम बांधव, ज्याचे काम आहे आणि ज्याच्यासाठी आम्ही गेलेलो असतो, तो भिंतीला टेकून उभा असतो. साहेब त्याच्या कामाविषयीचे प्रश्न आम्हाला विचारतात. सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगले आसन आणि मळक्या वस्त्राच्या माणसाला पायाशी जागा, हा जो प्रकार संत याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात वर्णिला आहे, तो आरंभीच्या मंडळीतच घडत होता. बाहेरच्यांविषयी त्याने ते लिहिले नाही.

या विषयाच्या चर्चेत दोन प्रश्नांची गल्लत होते, असे आम्हाला वाटते. दोष कोणाचा, हा एक प्रश्न. लाभ कोणाला, हा दुसरा. ख्रिस्ती मनाला पहिला प्रश्न फार परिचित आहे. पापनिवेदनाच्या आधी आपण स्वतःची विवेकपरीक्षा करतो, ती 'मी काय केले' अशी. म्हणून कोणी लाभाचे वर्णन केले की आपल्या कानांना ते आरोपासारखे ऐकू येते, आणि आपण लगेच बचावाला उभे राहतो: 'आम्ही कोणाचे काय वाईट केले?' वास्तविक नीतिशास्त्राचा प्राथमिक धडा असा की, ज्ञान आणि संमती यांवाचून गंभीर पाप घडत नाही. आपण कोणत्या घरात जन्मलो याला आपली संमती कोणी विचारलेली नसते. तेव्हा अनुकूल घरात जन्म घेणे हे पाप नव्हे आणि त्यासाठी पश्चात्तापाचीही गरज नाही. पण पाप नाही म्हणून विषय संपला असेही नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८७ च्या सामाजिक परिपत्रकात पापाच्या संरचनांविषयी लिहिले आहे. व्यक्तींच्या कृत्यांतून उभ्या राहिलेल्या व्यवस्था पुढे रूढ होतात, पसरतात आणि नंतरच्या माणसांच्या वागण्याला वळण लावतात, असा त्यांचा विचार आहे. संत लूकच्या शुभवर्तमानातील श्रीमंत माणसाने लाजरसला मारले नाही, हाकलले नाही, त्याचे काही हिरावले असेही तेथे म्हटलेले नाही. लाजरस दारात होता आणि याचे जेवण चालू होते, एवढेच.

तरीही, दोष न मानता लाभ मान्य करणे म्हणजे नेमके काय करणे? यासाठी आम्ही संत पौलाकडे पुन्हा पुन्हा वळतो. 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथाच्या बाविसाव्या अध्यायात यरुशलेममधील प्रसंग आहे. पौलाला फटके मारण्यासाठी बांधले आहे, आणि तो जवळच्या शताधिपतीला विचारतो की, रोमी नागरिकाला चौकशीवाचून फटके मारणे कायद्यात बसते काय? धावपळ उडते. सरदार येऊन सांगतो की, हे नागरिकत्व मिळविण्यासाठी मला मोठी रक्कम मोजावी लागली. पौल उत्तर देतो की, मी तर जन्मानेच नागरिक आहे. फटके टळतात.

या प्रसंगात आम्हाला दोन गोष्टी लक्षणीय वाटतात. पौल आपले नागरिकत्व लपवीत नाही आणि त्याला आपले पुण्यही समजत नाही. ते जन्माने आले आहे, असे तो साधेपणाने सांगतो आणि त्याचा उपयोग करतो. आजच्या चर्चेत हा साधेपणाच हरवला आहे. कोणी आपल्या अनुकूलतेची एवढी लाज बाळगतो की तिचा उपयोगच करीत नाही, तर कोणी ती सर्वस्वी स्वतःच्या घामाची कमाई मानतो. दुसरी गोष्ट सरदाराची. तो घाबरला, असे ग्रंथ म्हणतो, आणि घाबरण्याचे कारण हे की त्याने एका रोमी माणसाला बांधले होते. एका माणसाला बांधले याचे त्याला काही वाटले नाही. त्याच दिवशी त्याच गढीत नागरिक नसलेला दुसरा कोणी बांधला गेला असता तर फटके बसले असते, आणि ती घटना कोणी लिहिलीही नसती. परंपरा तर सांगते की मृत्यूतही हा भेद राहिला: संत पेत्राला क्रूस मिळाला, आणि रोमी नागरिक म्हणून पौलाला तलवार.

येथवर आपण समाजाविषयी बोललो. स्वतःच्या घराविषयी बोलणे अधिक कठीण आहे. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदू धर्मीयांपुरता ठेवला. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना तो मिळाला. दलित ख्रिस्ती मात्र बाहेर राहिले. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली याच प्रश्नासाठी आयोग नेमला. अनुसूचित जमातींच्या बाबतीत अशी धर्माची अट नाही. म्हणून आमच्या धर्मग्रामात एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलांपैकी गोंड मुलाला जातीचा दाखला मिळतो आणि त्याच्या शेजाऱ्याला, ज्याच्या पणजोबांना गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हते, बाप्तिस्म्यामुळे तो मिळत नाही. या अन्यायाविरुद्ध आपण सरकारदरबारी बोलतो, बोललेच पाहिजे. तेथे आपले म्हणणे असे असते की, ख्रिस्ती झाल्याने जातीचा जाच संपत नाही. आणि आपल्याच मंडपात, विवाहाची बोलणी चालू असताना, आपण म्हणतो की आपल्यात जात नाही. ही दोन विधाने एकाच तोंडातून कशी निघतात?

भारतीय कॅथॉलिक महागुरूंच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण प्रसिद्ध केले आणि जातिभेद ख्रिस्तसभेच्या आतही आहे हे उघड मान्य केले. ऑगस्ट २०२२ मध्ये हैदराबादचे महागुरू अँथनी पूला कार्डिनल झाले, तेव्हा पहिले दलित कार्डिनल म्हणून सर्वत्र त्यांचा गौरव झाला, आणि तो योग्यच होता. परंतु त्यांच्या आधीच्या भारतीय कार्डिनलांपैकी कोणाच्या नावाआधी त्यांची जात छापलेली आम्हाला स्मरत नाही. ज्याची जात सांगावी लागत नाही त्याला जात नसते, असा आपला समज आहे.

या विषयावर बोलणाऱ्यांचाही एक दोष सांगितला पाहिजे. शहरातील शिकलेली माणसे हा शब्द अनेकदा काठीसारखा वापरतात. समोरच्याचे तोंड बंद करणे हाच त्यांचा हेतू दिसतो, आणि बोलण्याचा मान पुन्हा त्यांच्याचकडे राहतो. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. उद्घाटनासाठी आधी बोलाविलेल्या लेखिका नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेतले गेले, वादळ उठले, आणि अखेर उद्घाटन केले ते याच जिल्ह्यातील वैशाली येडे यांनी, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीने. त्या बोलल्या आणि मंडप स्तब्ध झाला. निमंत्रणाचा घोळ झाला नसता तर त्या व्यासपीठावर त्यांना कोणी बोलाविले असते काय, हा प्रश्न आमच्या मनातून जात नाही. त्यांच्या वतीने बोलणारे मात्र संमेलनात नेहमीच असतात.

म्हणून आम्ही धर्मग्रामात हा विषय मोठ्या शब्दांनी काढीत नाही. 'कोण अनुकूल, कोण प्रतिकूल' अशी रांग लावली की प्रत्येकजण रांगेत मागे जाण्यासाठी धडपडतो. त्यापेक्षा एखादा कागद पुढे ठेवणे बरे. असा एक कागद आपल्या बहुतेक घरांत आहे: हक्कसोडपत्र. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानुसार ख्रिस्ती पित्याच्या संपत्तीत मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखाच आहे. हिंदू भगिनींना जे कित्येक दशकांनी मिळाले ते आपल्या भगिनींना केव्हाचे मिळालेले आहे, कागदावर. व्यवहारात वडील गेल्यावर दोन-चार महिन्यांत भाऊ बहिणीला बोलावून घेतो, जेवण होते, साडी होते, आणि दुसऱ्या दिवशी निबंधकाच्या कचेरीत सही होते. भावाने दांडगाई केली असे नाही. तो म्हणतो, म्हाताऱ्या आईला मीच सांभाळतो, शेतीत उरतेच काय, बहिणीने स्वतः आनंदाने सही दिली. बहिणीला विचारले तर तीही म्हणते, आनंदाने दिली. मात्र सही दिली नसती तर काय झाले असते, असे विचारले की ती गप्प होते. मग हळूच म्हणते, माहेर तुटले असते.

बांधापर्यंत आधीच पोहोचलेल्या पाण्याविषयी एवढ्या स्पष्टपणे बोलणारा आमचा आठ एकरवाला या कागदाविषयी काय म्हणेल, याची आम्हाला उत्सुकता आहे. त्या आठ एकरांत त्याच्या बहिणीचे चार आहेत. नाताळला बहिणी मुलाबाळांसह माहेरी येतात, रात्रीच्या मिस्सेनंतर सर्वजण एकत्र जेवतात, आणि हा विषय कोणी काढत नाही. सर्व वारस एका छताखाली असण्याचा वर्षातला तोच एक दिवस असतो.